न चमकणारी नळी

दोन हजार चार सालची संक्रांत. अमेरिकेतल्या शुगर लँड गावातलं हळदीकुंकू आटोपलं आणि मी साडीतच लॅबला निघाले. ज्यांच्या घरी कार्यक्रम होता त्या काकू "अगं, तिळगूळ तरी खाऊन जा" म्हणत दारापर्यंत आल्या, पण माझं चित्त थाऱ्यावर होतं कुठे! सोमवारपर्यंत माझा सेन्सर चमकला नाही तर प्रोफेसर प्रोजेक्ट बंद करणार होते. म्हणजे पीएचडी पुन्हा पहिल्यापासून.

सेन्सर म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण. इतके सूक्ष्म, की त्यांचं पाणी आमसुलाच्या सारासारखं लाल दिसतं. कणांवर डीएनएचे दुमडलेले धागे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला चमकणारा रंग. सोन्याजवळ असेपर्यंत हा रंग विझलेला राहतो. जोडीचा डीएनए भेटला की धागा सरळ होतो, रंग सोन्यापासून लांब जातो आणि उजळतो. यापेक्षा सुंदर गोष्ट जगात नाही असं माझं ठाम मत होतं. नवऱ्याचं मत विचारू नका.

पदर खोचला, ग्लोव्ह्ज चढवले, नळ्या भरल्या. थोड्या वेळाने खोलीत अंधार करून निळा दिवा लावला. नळी चमकली! मी उडीच मारली आणि प्रोफेसरांना फोन केला. तासाभरात पोचतो म्हणाले.

फोन ठेवून शेजारची नळी पाहिली. तिच्यात जोडीचा डीएनए घातलाच नव्हता, तरी तीही चमकत होती. उगाच चमकणारा सेन्सर काय कामाचा?

तेवढ्यात लॅबमधली पुण्याची मैत्रीण आत आली आणि हसतच सुटली. "यार, तुझं कपाळ ग्लो करतंय!"

हळद! निळ्या दिव्यात हळद चमकते. काकूंकडे सगळ्यांना हळदीकुंकू मीच लावलं होतं आणि त्याच बोटांनी ग्लोव्ह्ज चढवले होते. नळ्यांवर बाहेरून हळदीचेच ठसे. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मग कोपरापर्यंत हात धुतले, नवे ग्लोव्ह्ज, नव्या नळ्या, सगळं पुन्हा.

प्रोफेसर आले. चमकणाऱ्या नळीकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. जोडीचा डीएनए नसलेली दुसरी मात्र दिव्यापुढे धरून कितीतरी वेळ फिरवत राहिले.

"हिच्यात काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "प्रोजेक्ट चालू ठेवू."

काहीच दिसत नाही! मी त्यांच्यासमोरच गिरकी घेतली.