हाफक्लच मास्तरांचा बोनस

माझ्या ताईचे यजमान ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. सव्वीस वर्षांत त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, आणि त्या अर्ध्या शहराने त्यांचं नाव ठेवलं 'हाफक्लच मास्तर'. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा कितीही स्टिअरिंग फिरवो, गाडी थांबायची की नाही हे मास्तर ठरवतात. संसारातही त्यांनी हीच सोय करून ठेवली आहे: चालवायचं ताईने, ब्रेक यांच्या पायाखाली.

शाळा म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत वर्ग, बाहेर ताईचं टेबल. ताई फॉर्म भरते, फोन घेते, फोटो चिकटवते. मधल्या भिंतीला सरकत्या काचेची खिडकी आहे, त्यामुळे आतला प्रत्येक पाठ ताईला तोंडपाठ. पहिल्या दिवशीचा पाठ ठरलेला. मास्तर छडीने डॅशबोर्डच्या चित्रावर टकटक करतात आणि म्हणतात, "हा लाल दिवा. हा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. घर जवळ आलंय, गॅरेज दोन मिनिटांवर आहे, काही ऐकायचं नाही. गाडी बिचारी अजून काय बोलणार?" गाडीसाठी एवढं कळवळून बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गॅरेजवाल्याची छाती दुखली, हॉस्पिटलचं बिल आलं आणि त्याला गाड्या उचलायची एक लिफ्ट विकावी लागली. ते पाहून मास्तरांनी आरोग्य विम्याचं मनावर घेतलं. एक एजंट तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी त्याला चहासुद्धा मिळाला नाही. "मधला माणूस काढला की त्याचं कमिशन वाचतं," मास्तर मला म्हणाले. मधला माणूस काढला की समजावून सांगणाराही जातो, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं.

मग महिनाभर शिकाऊ लायसन्सच्या फॉर्मांच्या पाठीमागे सात कंपन्यांची तुलना चालली. स्वतंत्र खोली कशाला, माणूस काय तिथे पाहुणा म्हणून जातो? खोली सामायिक. बिलाचा पहिला हिस्सा आपणच भरू म्हटलं की हप्ता उतरतो? मग भरू. अमुक आजार नको, तमुक सोय नको. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, एवढं छाटलंत, आता नुसती पिशवी उरली आणि आतलं सामान गेलं."

"तू गोळ्या विक," ते म्हणाले. समोरच्या औषधांच्या दुकानात मी काउंटरला असते, म्हणून हा टोला.

एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. रोज आठ हजार पावलं चाललं तर कंपनी थोडी सवलत देते, हे त्यांनी शोधून काढलं. मास्तर दिवसभर गाडीत बसलेले, पावलं कुठून आणणार? त्यांनी पावलं मोजणारा आपला फोन एका छोट्या पिशवीत घालून ताईच्या कमरेला बांधला. ताई केर काढी, बाजार करी, झेरॉक्सला जाई, गच्चीवर कपडे वाळत घाली. पावलं तिची, आणि कंपनीच्या लेखी तंदुरुस्त हे.

पण मास्तरांचा खरा जीव जडला तो 'नो क्लेम बोनस' या शब्दांवर. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. गाडीच्या विम्यात वर्षभर क्लेम केला नाही की पुढचा हप्ता कमी होतो आणि पाच वर्षं सांभाळलं की जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून तर गाडीवर ओरखडा उठला की मास्तर विम्याला कळवत नाहीत, दुपारी सावलीत बसून ब्रशने रंग लावतात. तोच नियम त्यांनी घरच्या माणसांना लावला. पाच वर्षं कोणी क्लेम करायचा नाही, मग बघा. हप्ता दरवर्षी कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता, तर म्हणाले, "यात सगळं एकदम पाचव्या वर्षाला देत असतील." दुसऱ्या वर्षी जिन्यावरून पडून त्यांचंच मनगट मोडलं, तेव्हाही स्वतःच्या खिशातून प्लास्टर घातलं आणि ते पदक मिळाल्यासारखं सगळ्यांना दाखवत फिरले.

पाचव्या वर्षात ताईच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवली की कळ यायची आणि पाठीपर्यंत जायची. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. सर्जन म्हणाले, "काढून टाकू. छोटं ऑपरेशन आहे, तीन भोकं पाडायची, दुसऱ्या दिवशी घरी."

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "घाई आहे का?"

"आजच्या आजच करा असं नाही. पण लांबवू नका."

मास्तरांना यातलं पहिलं वाक्य ऐकू आलं. पॉलिसीची तारीख, म्हणजे पाचवं वर्ष पुरं व्हायचा दिवस, सात महिन्यांवर होती. शाळेत येऊन त्यांनी वर्गातलं कॅलेंडर काढलं, त्या तारखेला लाल गोल केला आणि रोज एक दिवस खोडायला लागले.

मी भांडले. त्यांच्याशी भांडले, मग ताईशीही. ती दुकानात येई, आम्लपित्ताच्या गोळ्या घेई आणि माझी नजर चुकवी. तेल बंद, तूप बंद, उकडलेला दुधी नि भात. पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून ती फॉर्म भरत बसे, कमरेला यांचा फोन. मी म्हटलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"अगं, त्यांनी हिशोब केलाय," ताई म्हणाली. "मोठा फरक पडत असेल म्हणूनच थांबलेत ना? उगीच कोण कुणाला दुखू देतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गोळ्यांचे पैसे घेतले आणि तिला जाऊ दिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

गोल केलेल्या तारखेला बावीस दिवस उरले असताना, भर दुपारी, एक शिकणारी मुलगी धावत दुकानात आली. "काकू पडल्यात." मी गेले तर ताई टेबलाखाली मुटकुळं होऊन पडली होती. अंग तापलेलं, उलटी झालेली, हातात तसंच पेन. आणि मास्तर? मास्तर कॅलेंडरसमोर उभे होते.

"फक्त बावीस दिवस राहिले होते गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून किल्ली हिसकावली. ताईला त्या मुलीच्या मदतीने मागे झोपवलं आणि शाळेचीच गाडी काढली. गाडी मी याच माणसाकडून शिकले, पूर्ण फी भरून. मास्तर सवयीने आपल्या सीटवर बसले आणि सवयीनेच प्रत्येक चौकात आपला ब्रेक दाबायला लागले. गाडी गचका खाई, मागून ताई कण्हे. तिसऱ्या चौकात मी ओरडले, "भाऊजी, पाय काढा! नाहीतर उतरा खाली!" सव्वीस वर्षं लोकांना 'पाय काढा' म्हणणाऱ्या माणसाने निमूट दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घालून बसला.

हॉस्पिटलात ताईला आत नेलं. विम्याच्या खिडकीपाशी एक चुणचुणीत मुलगी होती. तिने पॉलिसी उघडली आणि मास्तरांनी पहिला प्रश्न टाकला, "हा क्लेम केला तर पाचव्या वर्षाचा बोनस बुडणार ना? हप्ता निम्मा व्हायचा होता."

"निम्मा? नाही काका. या पॉलिसीत बोनस हप्त्यातून कमी होत नाही. संरक्षणाच्या रकमेत वाढतो. तुमचे पाच लाख होते, आता साडेसात झालेत."

"म्हणजे मला काय मिळालं?"

"आजारी पडलात तर जास्त खर्च मिळणार."

"आणि नाही पडलो तर?"

"तर काही नाही," ती म्हणाली. "हप्ता तुमच्या वयावर ठरतो. क्लेम करा, नका करू."

मास्तरांनी तेच तिला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा तिने कागद फिरवून त्या ओळीवर बोट ठेवलं. जवळजवळ पाच वर्षं हा माणूस जे जपत होता, ते वापरायचं तर आजारी पडावं लागणार होतं, आणि आजारी पडायची तर घरात बंदी होती. मला हसू यायला हवं होतं, पण दाराआड ताई होती, त्यामुळे आलं नाही.

पित्ताशयात पू झाला होता. तीन भोकांचं ऑपरेशन राहिलं बाजूला, पोट उघडावं लागलं. बरगडीखाली वीतभर टाके पडले. दुसऱ्या दिवशी घरी जाणारी ताई अकरा दिवस त्या सामायिक खोलीत पडून होती. शेजारच्या खाटेवरची बाई रात्रंदिवस फोनवर सुनेच्या कागाळ्या सांगायची.

नवव्या दिवशी मास्तरांच्या फोनवर नूतनीकरणाचा निरोप आला. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, परत वाचला. वयाची पंचावन्न भरली म्हणून जी वाढ व्हायची, तेवढीच झाली होती. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोकळे हसले आणि खाटेवर वाकून म्हणाले, "अगं, क्लेम केला तरी काहीच फरक पडला नाही!"

ताईने डोळे उघडले. "नाही पडला?"

"एका पैशाचा नाही!"

"मला वाटत होतं, पडत असेल," ती म्हणाली. "म्हणून सोसलं मी."

मास्तरांचं हसू तिथेच विरलं. ते पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर पडले. बाटली भरलेलीच होती. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दीड महिन्याने ताई परत टेबलावर बसली. कमरेला फोन नव्हता. तो मास्तरांच्या पॅंटच्या खिशात होता, आणि ते वर्गात शिकवताना इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. मी ताईची औषधं द्यायला गेले होते. आत नवी तुकडी होती, पहिला दिवस. मास्तरांनी छडी घेतली, डॅशबोर्डच्या चित्रावर टकटक केली.

"हा लाल दिवा. हा लागला की..."

त्यांची नजर खिडकीतून बाहेर ताईकडे गेली आणि वाक्य अडलं. वर्ग वाट बघत होता. ताईने फॉर्मवरून मान न उचलता सरकती काच थोडी बाजूला केली.

"आधी पॉलिसीची तारीख बघायची," ती म्हणाली, आणि काच लावून घेतली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.