सहा तासांवरची लेक

किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं की आबा आधी बोट ओलं करून हवेत धरायचे. मग सांगायचे, "जायाला अर्धा तास, यायला वीस मिनटं. येताना वारं फुकट ढकलतंय."

पळसदेवला उजनी धरणाच्या पाण्यात त्यांची होडी होती. उन्हाळ्यात पाणी उतरून जुनं देऊळ वर आलं, की बघायला येणाऱ्यांना ते तिथवर नेत. तुमच्यापैकी कुणी त्या होडीत बसलं असेल, तर त्यांनी तुम्हाला गप्प राहायला नक्की सांगितलं असेल. बडबड्या माणसानं होडी हलते, असं त्यांचं ठाम मत होतं.

माझं इंदापूरच्या स्टँडसमोर तिकिटं काढून द्यायचं दुकान आहे. एका सकाळी आबा आत आले आणि खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांची एकुलती एक लेक नैरोबीला. जावई आधी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होता, तिकडच्या डेअरीनं त्याला नेलं. आता लेकीचं पहिलं बाळंतपण. ती माहेरी यायची होती, पण डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केली. आई तर तिच्या लहानपणीच गेलेली.

"नैरोबी किती लांब हाय?"

"मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटर. मधे सगळा समुद्र."

आबांचा चेहरा उतरला. उभा जन्म पाण्यावर काढलेला माणूस पाण्यालाच भ्यायला, याचं मला हसू आलं.

"पल्याडचा काठ दिसत न्हाय, असल्या पाण्यात मी कधी गेलो न्हाय," ते म्हणाले.

"आबा, विमान पाण्यात नाही, हवेत असतं."

"पडल्यावर कुठं असतं?"

मी संगणकात डोकं घालून वेळ वाचून दाखवली. "जायला सव्वासहा तास. यायला अर्धा तास कमी."

"म्हंजी तितंबी वारं हाय म्हना." ते जरा सैल झाले. मग बोटांवर काहीतरी मोजत बसले. "पळसदेवातनं मुंबईला जायाला किती लागत्यात?"

"गाडीनं सहा तास धरा."

"मंग हितनं मुंबई जेवढी, तेवढीच मुंबईपासनं माजी पोर?"

"तेवढीच."

त्यांनी मोजणारी बोटं मिटली. "तीन वर्सं मला वाटत हुतं, पोर जगाच्या भाईर गेली," म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. पासपोर्ट जावयानं आधीच काढायला लावला होता; तिकीट त्याच दिवशी काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी दाखवायला आले. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाच्या टाळूला घालायचं तेल. आळीतल्या बायांकडून सगळं शिकून घेतलं होतं. मी चेष्टेनं म्हटलं, "आबा, हे तर बाईमाणसाचं काम."

"तिची आय असती तर तिनं केलं असतं. न्हाय तर मी करायचं, का परक्यानं?"

माझी मलाच लाज वाटली.

यंदा देऊळ वर आलंय, माणसं येतायत आणि आबांची होडी काठावर पालथी आहे. कुठे गेले, असं कुणी विचारलं की मी सांगतो, लेकीच्या बाळंतपणाला. ऐकणारा क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

परवा परतीची तारीख विचारायला मी व्हिडिओ कॉल लावला. जावयानं फोन आबांसमोर धरला. ते जमिनीवर पाय लांब करून बसले होते. पायांवर एवढीशी नात पालथी घातलेली. वल्ही मारून घट्टे पडलेल्या हातांनी ते तिच्या पाठीवर कोमट पाणी सोडत होते.

"आबा, परत कधी यायचं?"

त्यांनी मान वर केली नाही. "मागनं बोला," ते म्हणाले. "आत्ता हात रिकामं न्हाईत."