बेचा पाढा संपेपर्यंत

रूथबाई गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं, सत्यवाननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दौंडच्या घरी नखं कापत बसलो होतो. "गुरुजी, आत्या गेली. पहाटे. त्रास काही झाला नाही." मी नुसतं 'बरं' म्हणालो. दुपारी नातवानं गाडीनं शिरूरला नेलं. चर्चमध्ये माणसं बरीच होती, बाईंच्या हाताखालून गेलेली आणि आता स्वतःच पिकलेली. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. बाईंचे सर्वांत जुने सहकारी म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं म्हणाले. मी बोललो. बाई प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या, शाळेत कधी उशिरा आल्या नाहीत. कुठल्याही शिक्षिकेबद्दल बोलता येईल ते सगळं बोललो आणि खाली बसलो. फक्त मलाच सांगता आलं असतं ते तसंच राहिलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. फाटकापर्यंत जातो, कशासाठी आलो ते न कळून परत येतो.

आम्ही दोघं जिथं नोकरीला होतो ते गाव खुटबावच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही, आज तिथं राहणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पण त्या गावात अजूनही सांगतात, की पूर्वी शाळेत एक ख्रिस्ती बाई होती, ती पाण्यानं पोरांना बाटवायची, म्हणून तिला हलवली. हे खोटं आहे. आणि खरं काय हे ज्याला त्या वेळी विचारलं गेलं, असा एकच माणूस होता. तो मी.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब. पावसाळा लागला की वर्ग ओस पडायचे. कुणाला हगवण, कुणाला जंत, कुणाचे डोळे आलेले, कुणाला खरूज. आम्ही मास्तर लोक गैरहजेरी लावायचो आणि आईबापांच्या नावानं खडे फोडायचो. दुपारी दुधाच्या भुकटीचं दूध मिळायचं, म्हणून निम्मी पोरं तेवढ्यापुरती उगवायची. माळावर जाऊन यायची, हात चड्डीला पुसायची आणि तेच हात पेल्यात बुडवून तळाशी बसलेली भुकटी चाटायची. मी हे रोज बघत होतो. बाई शिरूरहून बदलून आल्या आणि आठवडाभर त्यांनीही फक्त बघितलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, ही पोरं घरी आजारी पडत नाहीत हो. आपल्याकडं येऊन पडतात."

त्यांनी प्रत्येकाला घरून मूठमूठ चाळलेली राख आणायला सांगितली. कडुनिंबाखाली पाण्याची घागर ठेवली आणि एक तांब्या. राख लावून हात चोळायचे, बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या खालून. किती वेळ? तर बेचा पाढा संपेपर्यंत. घड्याळ शाळेत नव्हतंच, आणि पाढाही पाठ व्हायचा. खरी गंमत पुढं होती. "मळक्या हातानं तांब्या धरला तर मळ तांब्याला लागणार, तांब्यावरून पुढच्याच्या हाताला. मग धुवून उपयोग काय?" म्हणून पहिल्याच्या हातावर बाई पाणी घालणार, त्याचे हात स्वच्छ झाले की त्यानं मागच्याच्या हातावर घालायचं, त्यानं त्याच्या मागच्याच्या. रांग ठरलेली नाही, जो जसा येईल तसा. तोवर वेशीबाहेरच्या वस्तीतली पोरं घागरीला शिवत नसत. कुणी वरून पाणी ओतायचं आणि त्यांनी ओंजळीनं प्यायचं, आणि हे शाळेतसुद्धा चालायचं. बाईंच्या रांगेत त्यांच्या हातात तांब्या आला. त्याविषयी बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. हात धुण्याचीच ती रीत होती.

पोरांना धीर यावा म्हणून पहिल्या दिवशी मास्तरांनीही रांगेत उभं राहायचं ठरलं. माझ्या पुढं वस्तीतली गंगू होती, दुसरीतली. तिनं दोन्ही हातांनी तांब्या उचलून माझ्या हातांवर धार धरली आणि मी हात मागं घेतले. ठरवून नाही. आपोआप गेले... पाणी मातीत पडलं. पोरं बघत होती, म्हणून मी हसून म्हणालो, "बाप रे, काय गार आहे!" गंगूनं तांब्यात बोट बुडवून बघितलं. "गार न्हाई गुरुजी. उन्हात ठिवलं व्हतं." बाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली.

त्या पावसाळ्यात वर्ग भरलेले राहिले. आकडे मला आठवत नाहीत, पण बसायला सतरंजी पुरत नव्हती हे आठवतं. आणि तरीही कुजबुज सुरू झाली. मी ज्यांच्या माडीवर राहायचो, ज्यांच्या घरी दोन वेळा जेवायचो, ते गावचे मोठे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांचा नातू बाईंच्या वर्गात होता. एकदा जेवताना म्हणाले, "मास्तर, आमचं पोरगं कुणाच्या हातचं पाणी घेतंय, ध्यान हाय का तुमचं?"

"हातच धुतात, आबा. पीत नाहीत."

"आन् धुताना त्वांडानं काय पुटपुटत्यात? किरिस्तावाची पार्थना म्हंत्यात म्हणं." आबा हसत होते. त्यांचा नातू तोच पाढा ओसरीवर बसून रोज घोकायचा. पण तोवर अस्पृश्यताबंदीचा कायदा झाला होता, कुणाच्या हातचं पाणी यावरून उघड तक्रार करायची सोय राहिली नव्हती. धर्माची तक्रार करता येत होती.

त्या तक्रारीच्या चौकशीला शाळाखात्याचे साहेब आले ते सुट्टीच्या दिवशी, आणि उतरले आबांकडं. पुढ्यात ताटं वाढलेली. साहेबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "गुरुजी, पोरं हात धुताना काय पुटपुटतात हो?" आबांनी माझ्या ताटात कालवण वाढलं. मी म्हणालो, "मी माझ्या वर्गात असतो, साहेब. नीटसं ऐकू येत नाही." कडुनिंब माझ्या खिडकीला लागून होता. पाढ्याच्या गलक्यानं माझा वर्ग बंद पडायचा, 'हळू म्हणा रे!' म्हणून मीच कितीदा ओरडलो होतो.

बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी तांब्या घासून माझ्या टेबलावर ठेवला. "चालू ठेवा गुरुजी," एवढंच म्हणाल्या. पुढं आबांचाच नातू हगवणीनं अंथरुणाला खिळला तेव्हा आबा शाळेत आले. "ते हात धुवायचं पुन्हा चालू करा की. पर ज्याचं त्यानं धुवावं, म्हंजी झालं." मी केलं. ज्यानं त्यानं मळक्या हातानं तांब्या उचलला, ज्यानं त्यानं धुतलं आणि वर्ग पुन्हा ओस पडले. मग लोक म्हणू लागले, हात धुवून काही होत नसतं, बाईचं ते निमित्तच होतं. तेही मी ऐकून घेतलं.

निवृत्त झाल्यावर एकदा शिरूरला त्यांच्याकडं गेलो होतो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. पानं वाढली होती. बाई अंगणात तांब्या घेऊन आल्या, माझ्या हातांवर धार धरली. साबण चोळताना माझे ओठ हलू लागले. बे त्रिक सहा, बे चोक आठ... धार थांबली. "आता येतं का ऐकू, गुरुजी?" त्या म्हणाल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं. मी म्हणालो, "बाई, मी..."

"भात निवतोय. आधी पाढा पुरा करा." त्यांनी पुन्हा धार धरली, आणि त्या दिवशीही मी काही बोललो नाही.

इथं घरी बेसिन आहे. मळक्या हातानं नळ सोडायचा आणि धुतलेल्या हातानं तोच नळ बंद करायचा. दर वेळी बाई आठवतात. काल जेवणाआधी उभा होतो, तर नातसून तिचे हात धुऊन शेजारी टॉवेलला पुसत होती. "आप्पा, रोज काय पुटपुटता हो? जप करता का?"

"पाढा," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं, टीव्ही चालू होता. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, अगदी बाहेर अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पाढा म्हणतोय. बेचा पाढा. दुसरं काही नाही."

ती हसली. मी 'बे दाहे वीस'पर्यंत पोचेतो थांबली, आणि तिनं तिच्या धुतलेल्या हातानं माझ्यासाठी नळ बंद केला.