दिवसाची झोप

रात्रपाळी मी मागून घेतली होती. मुलगी पहिलीत गेली होती, नवऱ्याची कंपनीत सकाळची पाळी होती. रात्री काम केलं की दिवसभर आपण घरात असू, असं मला वाटलं. घरात असणं वेगळं आणि जागं असणं वेगळं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स होते. रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळी पेशंट पुढच्या पाळीच्या ताब्यात देऊन निघाले की नऊच्या सुमाराला स्कूटरवरून धायरीला पोचायची. सिंहगड रस्त्यावर सगळं शहर आंघोळ करून, भांग पाडून माझ्या उलट दिशेनं चाललेलं असायचं. आमच्या थोरल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जाताना काळा चष्मा लाव. ऊन डोळ्यांत गेलं की झोप गेली. घरी गेल्यावर चहा प्यायचा नाही, फोन बघायचा नाही. थोडा ताकभात खा आणि आडवी हो."

मी सगळं केलं. पडद्यांना आतून काळं कापड शिवून घेतलं, कानात कापूस घातला, फोन कपाटात ठेवला. तरी झोप तुकड्यातुकड्यांनी यायची. पहिल्या दोन महिन्यांत मी दुधात साखरेऐवजी मीठ घातलं, सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावरही पाय टेकून उभी राहिले आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मुलीवर ओरडायची. मग डोकं दुखायचं, मग पुन्हा ओरडायची.

माझ्या झोपेची खरी वैरीण म्हणजे सासूबाई, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांचा जन्म शेतात गेला होता. या बांधाला उभं राहून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची, असा त्यांचा आवाज. पुढं त्या रानातच बिल्डिंग उभी राहिली आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. "गाड्या लागत्यात ना, तितं आमचा कांदा असायचा," असं त्या नव्या भाडेकरूंना सांगायच्या, तेही चौथ्या मजल्याला ऐकू जाईल असं. माझी नणंद बिबवेवाडीला राहते. तिच्याशी त्या रोज अकरा वाजता फोनवर बोलायच्या. भाजीपासून गुडघ्यापर्यंत सगळं.

एका दिवशी मला नुकता डोळा लागला होता आणि स्वयंपाकघरातून त्यांचं हसणं आलं. मी तशीच उठून बाहेर आले. डोळे जळत होते. म्हटलं, "आई, फोन कशाला लावता? गॅलरीत उभं राहून बोललात तरी बिबवेवाडीला जाईल की ऐकू."

बोलताना मला आपण काहीतरी चटपटीत बोललो असं वाटलं, हे कबूल करते. शाळेत आमच्या मैत्रिणींत असं बोलणारीला मान असायचा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फोन बंद केला. "व्हय," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झोप तू."

त्यानंतर घर शांत झालं. भांडं वाजत नव्हतं, कुकरची शिट्टी नव्हती, दारावरची बेलसुद्धा वाजेनाशी झाली. मी दहाला पडायची ती चारलाच उठायची. मला वाटलं, शरीराला अखेर सवय लागली. नवीन मुली रात्रपाळीला आल्या की मी त्यांना शहाणपणानं सांगायची, "तीन महिने काढा, मग शरीर आपोआप शिकतं."

पण तक्रारीला जागा लागतेच. मी उठायची तेव्हा घरात कुणी नसायचं. सकाळी नऊच्या आधी करून झाकून ठेवलेलं जेवण गार झालेलं असायचं. साडेचारच्या सुमाराला सासूबाई मुलीला घेऊन वर यायच्या. दोघींचे चेहरे उन्हानं लाल, मुलीच्या वहीवर मातीचे डाग. मी नवऱ्याला म्हणायची, "अहो, आई दिवसभर घरात नसतात. पोरीला घेऊन खाली गप्पा छाटत बसतात. तिचा अभ्यास नाही, वेळेवर जेवण नाही." ते म्हणायचे, "आता या वयात तिला मी काय सांगू?"

एप्रिलमधल्या एका रविवारी, सगळे जेवायला बसलो असताना, मीच सांगितलं. "आई, तुम्हाला खाली बसायचं तर खुशाल बसा. पण पोरीला उन्हात कशाला नेता? घर काय चावतं का?"

मुलगी म्हणाली, "आई, अगं आजी ना..."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गप, जेव." आणि तिच्या पानात भात वाढला.

मुलगी काय सांगणार होती, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं.

त्याच आठवड्यात सासूबाई आठ दिवसांसाठी म्हणून नणंदेकडं गेल्या.

सोमवारी पावणेदहाला बेल वाजली. कुरिअर. साडेदहाला गॅस सिलिंडर, तो दारात दाणकन आपटला. मग इस्त्रीवाला. मग टाकी धुणारे, पाणी बंद ठेवा सांगायला. दीडला मुलगी शाळेतून आली आणि बेलवर बोट ठेवून उभी राहिली. मंगळवार, बुधवार तेच. गुरुवारी मी गाऊनवर ओढणी टाकून वॉचमनला झापायला खाली उतरले. सगळ्यांना हल्लीच कशी आमच्या दाराची आठवण होते, असं विचारणार होते.

वॉचमन जागेवर नव्हता. तळमजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक दारात पेपर वाचत बसले होते. सदाशिव पेठेतून धायरीला आलेले गृहस्थ, जिभेला धार. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे वा, दिवसाढवळ्या दर्शन! आपल्या दारवानीण बाई रजेवर आहेत वाटतं?"

"कोण?"

"कोण म्हणजे? आपल्या सासूबाई. अहो, दहा वाजले की त्या इथं जिन्याशी खुर्ची टाकून बसायच्या. कुणी वर निघालं की, कितव्या मजल्यावर? तुमचं नाव घेतलं की पार्सल स्वतः घ्यायच्या. सिलिंडरवाल्याला इथंच ठेवायला लावायच्या. तुमच्याकडची बेलच वाजू द्यायच्या नाहीत. मी एकदा अग्रलेख जरा मोठ्यानं वाचला, तर मलासुद्धा गप्प बसवलं. चाळीस वर्षं मी वर्ग गप्प बसवले, आणि माझी ही अवस्था!"

मला हसू आलं नाही. तेही मग गंभीर झाले. पेपरची घडी घालत म्हणाले, "मागच्या आठवड्यात एकदा फार ऊन होतं. मी म्हटलं, बाई, वर जाऊन पंख्याखाली बसा. तर म्हणाल्या, माझा आवाज मोठा हाय, घरात बसलं की तोंडातनं निघतोच."

मी वर आले. संध्याकाळी मुलीला विचारलं, "तू आणि आजी दुपारी कुठं जेवायचात गं?"

"जिन्यात. डब्यातून," ती म्हणाली. "घरात ताटाचा आवाज होतो ना."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी घरी न जाता स्कूटर बिबवेवाडीला घेतली. नणंद आणि तिची मुलं दुकानांच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. अर्ध्या जिन्यातच सासूबाईंचा आवाज आला. शेजारणीला त्या कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होत्या, मध्येच स्वतःच हसत होत्या. तो आवाज मी कित्येक महिने ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले.

मी दारात दिसले आणि त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. आवाज एकदम खाली आला.

"अगं, झोपली न्हाईस?" त्या कुजबुजल्या. "जा, आत पड. म्या पोरांना खाली नेते."

मला रडू फुटलं. "आई, माझं चुकलं. मला माहीतच नव्हतं. घरी चला."

"चुकलं काय त्यात? रातभर लोकांचं करून आलेल्या माणसाला झोप नको व्हय?" त्यांनी मला पाणी दिलं. शेजारीण उठून गेली. मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "पर मला हितंच बरं वाटतंय. हितं बोलाया गावतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

चार महिन्यांनी मला दिवसाची ड्यूटी मिळाली. नवऱ्यानं जाऊन आईला सांगितलं, आता ये, आता हवं तेवढं बोल. त्या दिवाळीला आल्या. दोन दिवस राहिल्या. मी समोर टक्क जागी असताना त्या दार हळू लावत होत्या, टाचा उचलून चालत होत्या, डबा उघडताना झाकणावर पदर धरत होत्या. मी म्हटलं, "आई, वाजू दे की." त्या म्हणाल्या, "व्हय." आणि पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी नणंद माझ्या नवऱ्याला फोन करून आली आणि त्यांना घेऊन गेली.

आता मी सुटीच्या दिवशी मुलीला घेऊन बिबवेवाडीला जाते. त्यांना आवडतात म्हणून शेंगा नेते. त्या आमच्याशी बोलतात, विचारपूस करतात, पण जपून, हळू. मागच्या खेपेला नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, तू नर्स आहेस म्हणून विचारते. एरवी आई दिवसभर बडबडत असते, तू आलीस की तिचा आवाज बसतो. घशाचं काही नसेल ना?"

"नाही," मी म्हटलं. "घसा चांगला आहे त्यांचा."

ती निश्चिंत होऊन चहा टाकायला गेली. मी तिला याहून जास्त काही सांगितलं नाही.