नापास पेला

भंडारा सोडलं तेव्हा धानाच्या शेतांवर धुकं होतं आणि मोहाडीची एसटी त्यात तरंगत चालली होती. बाहेर दिसत होते ते फक्त विजेचे खांब. त्यांवरचे तपकिरी चिनीमातीचे इन्सुलेटर पाहून लहानपणी मला वाटे, वर कुणीतरी चहा पिऊन पेले उपडे घातलेत. ते जिथे घडत, तो बंद कारखाना आता पाडणार असं कळलं आणि मी निघाले.

मोहाडीत तर्री-पोह्यांनी जीभ पोळली. पुढे भाताच्या बांध्यांमधल्या चिंचोळ्या धुऱ्यावरून चालताना माझी एक चप्पल चिखलाने गिळली. मागून येणाऱ्या बाईंनी ती हसत उपसून दिली.

"कुठं जाऊन राहिल्या मॅडम?"

"कारखाना बघायला."

"मी बी तिथंच. आज भट्टी फोडून राहिले."

या वेणूबाई. त्यांचे यजमान भट्टीवर कामाला होते. लेक पाळण्यात असताना त्यांनी तिच्यासाठी एक पेला घडवून मालासोबत भट्टीत ठेवला. भट्टी निवायच्या आतच कारखान्याला टाळं लागलं. पुढे यजमानही गेले.

"पोरीले बाप आठवत नाही. तेवढा पेला भेटला पाहिजे," त्या म्हणाल्या. वाटेत घरोघरी फुलझाडांभोवती इन्सुलेटर उपडे रोवलेले दिसत होते.

फाटकावर चैतरामभाऊ भेटले. पूर्वी ते माल तपासत, आता तिथेच चौकीदार आहेत. "लाकडी हातोडीनं ठोकून पाहाचो. खणखणला तर पास, बद्द वाजला तर आत तडा, म्हंजे नापास. नापास माल कामगारानं घरी न्यावा, असा कायदा होता. आमच्या मालावरून बिजली दूरदूर गेली जी! मंग नवीन जातीचा माल आला, अन् आमचा कोणी घेईना."

भट्टीच्या दाराच्या विटा निघाल्या. आत इन्सुलेटरच्या रांगा तशाच उभ्या होत्या, धूळ पांघरून झोपलेल्या. कोपऱ्यात तळहाताएवढा पेला होता. वेणूबाईंनी तो छातीशी धरला.

"ठेवा तो," ठेकेदाराचा मुकादम म्हणाला. "चांगला माल ठेकेदाराचा. फुटका असंल तर न्या."

चैतरामभाऊंनी पेला हातात घेतला आणि नखाने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज उठला आणि भट्टीत कितीतरी वेळ रेंगाळला. वेणूबाईंचा चेहरा उतरला.

भाऊंनी डोळे मिटून तो आवाज विरेपर्यंत ऐकला.

"नापास."

"आवाज तं मस्त आला!" मुकादम म्हणाला.

"तुले काय समजते? मी अख्खी जिंदगी हेच ऐकलं. नापास हाय. ने वं बाई."

मुकादम डोकं खाजवत विटांकडे वळला. वेणूबाईंनी पेला पदराखाली घेतला. फाटकाबाहेर पडल्यावर त्या रडल्या, आणि मीही.

परतताना धुकं विरलं होतं. खांबांवरचे सगळे पेले अजून उपडेच होते. एक मात्र एव्हाना घरी पोचला असेल, आणि त्यात लेकीसाठी चहा ओतला जात असेल.