पतंगाच्या डोक्यातली गाठ

ठाण्यात आम्ही बिऱ्हाड केले तेव्हा हे शाळेत शास्त्र शिकवीत. बाळकुमकडच्या ऐनाच्या झाडावरून त्यांनी टसर रेशमाच्या पतंगांचे कोश आणले आणि ते सांभाळणे माझ्याकडे आले. पहिली मादी बाहेर पडली, तिला मी टोपलीखाली झाकले, तर दिवेलागणीला कुठकुठचे नर तिच्या वासाने खिडकीतून आत आले.

रविवारी यांचे दोन स्नेही आले. यांनी नराचे आणि मादीचे डोके उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. "वास ओळखणारी ही गाठ नराच्या मेंदूत केवढी मोठी आहे पाहा. मादीची लहान."

"म्हणजे बायकांना मेंदू कमी, हे सिद्धच झाले!" एक स्नेही म्हणाले. सगळे हसले. हेही हसले. मी पानसुपारीचे तबक घेऊन दारात उभी होते. माझी मान वर होईना. तबक तिथेच ठेवून मी आत पळाले.

पाहुणे गेल्यावर हे चुलीपाशी आले. "अगं, मादी जागची हलत नाही. तिला शोधायचे काम नराचे, म्हणून त्याची गाठ मोठी. अकलेचा त्याच्याशी संबंध नाही."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

पुढच्या रविवारी त्याच स्नेह्यांसमोर यांनी ते सांगितले आणि मला ओटीवर बोलावून यंत्रापुढे बसवले. परक्या पुरुषांसमोर मी अशी कधी बसले नव्हते. लाजेने डोळे भरून आले, काचेत नुसता धूसर उजेड होता.

"दिसली का गाठ?" यांनी विचारले.

"दिसली," मी म्हणाले.