लांबचा फॉर्म

प्रसूतिगृहात तीन मावश्या होत्या. त्यांतली वयानं लहान म्हणून तिला सगळे धाकट्या मावशी म्हणत. अकरा वर्षं ती तिथं चादरी बदलत होती, फरशी पुसत होती, कळा देणाऱ्या बायकांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग एका सकाळी तिचा नवरा कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू, दोघीच उरल्या.

ती रडली नाही. मुद्दाम आवरलं असंही नाही, रडू आलंच नाही. शेजारणी म्हणाल्या, "डोळ्यांत टिपूस नाही, दगडच म्हणायचा." ते तिच्या कानावर पडलं. रागही आला नाही. दोन घास गिळायचे, ड्यूटीला जायचं, दिवस ढकलायचा.

एका दुपारी लिफ्ट बंद होती, म्हणून एका बाळंतिणीला ती जिन्यानं वर नेत होती. दोन मजल्यांच्या मध्ये ती बाई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आलं." आणि खरंच आलं. धाकट्या मावशीनं बाळ ओच्यात झेललं, पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं. बाळ रडलं. मग रक्त यायला लागलं आणि थांबेना. मावशी बघत उभी राहिली. पायऱ्यांवरून ओघळणारं रक्त तिला दिसत होतं, पण ते काचेपलीकडे चाललंय असं वाटत होतं. मोठ्या सिस्टर धावत आल्या, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं. बाई वाचली.

मोठ्या सिस्टर तिथल्या सगळ्यांत जुन्या सुईण. संध्याकाळी हात धुता धुता त्यांनी विचारलं, "बाळ पडू दिलं नाहीस, शाबास. पण रक्त दिसत असताना खांबासारखी उभी का राहिलीस?"

"काय करायचं ते माहीत नव्हतं."

"अकरा वर्षं बघतेयस की."

"बघतेय. शिकले कुठं?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी दोन अभ्यासक्रमांचे फॉर्म आणून दिले.

रविवारी नणंद आली. ती शाळेत शिकवायची, फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं चष्मा लावला. "वहिनी, हा बघ. दहा महिने. प्रसूती सहायक. तुझा अनुभव धरतात, आणि परीक्षा म्हणजे डाव्या हातचा मळ."

"आणि दुसरा?"

"दुसरा सोड. त्याला आधी बारावी लागते, ती तुझी राहिलीय, म्हणजे एक वर्ष. मग तीन वर्षं नर्सिंग, मग दीड वर्ष सुईणीचं शिक्षण, मग नोंदणीची परीक्षा."

"पहिल्या सर्टिफिकेटवर रक्त थांबवता येतं?"

नणंदेनं बोट फिरवत वाचलं. "नाही. 'सुईणीच्या देखरेखीखाली मदत करणे.' म्हणजे तू आत्ता करतेस तेच, फक्त कागदासकट."

"मग दुसरा भर."

सासू आतून म्हणाली, "साडेपाच वर्षं! तोवर मी असेन की नसेन!"

"असाल," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना हट्ट होता, ना उत्साह. नणंद तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी, तुला हे खरंच हवंय?"

"हवंय की नाही ते कळत नाही. पण पुन्हा तसं उभं राहायचं नाही, एवढं कळतं."

बारावीला रसायनशास्त्रानं एकदा दगा दिला, दुसऱ्यांदा ती काठावर सुटली. स्वयंपाकाचं सासूनं न बोलता स्वतःकडे घेतलं. फक्त पुस्तकातली चित्रं पाहून ती तोंडाला पदर लावायची. "आम्हाला तीन-तीन पोरं झाली, आत असलं काही असतं हे आज कळतंय!" नर्सिंगच्या वर्गात अठरा वर्षांच्या मुली तिला आधी मावशी म्हणत, नंतर तिच्या वह्या मागत. ती पाठ करायची, लिहायची, पास व्हायची. पास झाल्याचा आनंद व्हायला हवा, हे तिला ठाऊक होतं. पेढे वाटावेत असं काही मनात न येताच ती पुढच्या वर्षाची पुस्तकं आणायची.

शेवटच्या वर्षी त्याच प्रसूतिगृहात, मोठ्या सिस्टरच्या देखरेखीखाली वीस बाळंतपणं करायची होती. बाराव्या वेळी खाटेवरच्या मुलीनं कळेसरशी तिचं मनगट असं आवळलं की नखं रुतली. बाळ झालं, वार पडली, रक्त आटोक्यात राहिलं. सगळं तिनंच केलं. मग बाहेर येऊन ती बाकावर बसली.

"काय गं?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. मनगटाकडे ती नवल वाटल्यासारखी बघत होती. "सिस्टर, चांगलंच दुखतंय."

सिस्टर शेजारी टेकल्या.

नोंदणी झाली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. आता प्रसूतिगृहाच्या वहीत तिची सही असते. नवऱ्यासाठी ती अजून रडलेली नाही. सासू तिला त्याबद्दल विचारत नाही. ड्यूटीवरून आली की विचारते, "आज किती? मुलगे की मुली?" आणि ती पाय धुता धुता एकेकीचं सांगते.